गावाचे नाव आणि गावाचे चरित्र

आपल्याकडे गावाचा इतिहास लिहिण्याची एक ठरीव रीत पडून गेली आहे. आरंभी गावाच्या नावाची व्युत्पत्ती, मग एखादी पुराणकथा, त्यानंतर शिवकाल व पेशवाई, मग गावाने देशाला दिलेला सुपुत्र आणि अखेरीस शाळा, दवाखाना, पतपेढी व देणगीदारांची यादी. शाळेची शतकमहोत्सवी स्मरणिका असो, ग्रामदैवताच्या जीर्णोद्धाराची पुस्तिका असो वा आमच्या एखाद्या धर्मग्रामाचा सुवर्णमहोत्सवी अंक असो, साचा बहुधा हाच असतो. अशी पुस्तके आम्ही आवडीने जमवतो आणि आवडीने वाचतोही. पण वाचून संपल्यावर गावाविषयी पुष्कळ कळलेले असते आणि गाव मात्र भेटलेले नसते, असा अनुभव वारंवार येतो. हे का होते, याचा विचार एका गावाच्या निमित्ताने करावा, असे बरेच दिवस मनात होते. ते गाव म्हणजे पुणे-नाशिक रस्त्यावरचे, भीमेच्या काठचे राजगुरुनगर.

हेच गाव निवडण्याचे कारण त्याच्या नावातच आहे. गावाचे जुने नाव खेड. हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांचा जन्म २४ ऑगस्ट १९०८ रोजी येथे झाला, म्हणून गावाला त्यांचे नाव दिले गेले. तालुक्याचे नाव मात्र खेडच राहिले. त्यामुळे कागदोपत्री आजही राजगुरुनगर हे खेड तालुक्याचे मुख्य ठिकाण असते, एस.टी.च्या पाटीवर राजगुरुनगर असते आणि आसपासच्या गावची वयस्क माणसे बाजाराला निघाली की 'खेडला जाऊन येतो' म्हणतात. खेड हे नाव म्हणजे जवळजवळ सामान्यनामच. रत्नागिरी जिल्ह्यात खेड आहे आणि महाराष्ट्रात इतरत्रही आहेत. राजगुरुनगर हे विशेषनाम आहे आणि ते एका माणसाचे आहे. एका नावात कोणीच नाही व दुसऱ्यात एकच जण आहे. या दोहोंमध्ये जे हजारो लोक राहिले, त्यांचा इतिहास कोणत्या नावाखाली लिहायचा, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे.

नामांतराबद्दल तक्रार करण्याचा आमचा हेतू नाही, हे आधीच सांगून टाकतो. तेविसाव्या वर्षी, २३ मार्च १९३१ रोजी, लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग व सुखदेव यांच्यासह फासावर गेलेल्या तरुणाचे नाव त्याच्या जन्मगावाने धारण करावे, यात अनुचित काही नाही. प्रश्न आहे तो नावाखाली काय लिहिले जाते याचा. राजगुरूंची आम्ही वाचलेली छोटीमोठी चरित्रे खेडमध्ये फारशी रमत नाहीत. जन्म, पितृवियोग, शिक्षणातील अपयशावरून घर सोडणे, एवढे झाले की चरित्रकार काशीला पोहोचतो आणि तेथून लाहोरला. त्यालाही इलाज नाही, कारण चरित्रनायकाचे कार्य तिकडे झाले. पण मग ज्या घाटावर तो मुलगा पोहला असेल, ज्या बाजारातून त्याची आई भाजी आणीत असेल, त्या १९०८ ते १९२० च्या दरम्यानच्या खेडबद्दल कोणी लिहायचे? गावाच्या इतिहासकाराने लिहायचे. आणि तो तर चरित्रातलाच मजकूर पुन्हा उतरवून घेतो! भीमेकाठचा राजगुरू वाडा आज जतन केलेला आहे, जन्मखोली दाखवली जाते. वाडा पाहून बाहेर पडताना आम्हाला प्रत्येक वेळी वाटते की, हुतात्म्याचे घर आपण पाहिले, त्याचे शेजारी मात्र आपल्याला ठाऊक नाहीत.

मोठी नावे व मोठ्या घटना या परिसरात कमी नाहीत, आणि हीच येथील इतिहासलेखनाची अडचण होऊन बसली आहे. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर सुटून आलेले शाहू महाराज आणि ताराबाई यांच्या सैन्यांची गाठ १२ ऑक्टोबर १७०७ रोजी या खेडच्याच परिसरात, भीमेच्या काठी पडली. धनाजी जाधव शाहूंच्या बाजूला आले आणि मराठी राज्याचा वारसा कोणाकडे जाणार, याचा निर्णय तेथे बराचसा झाला. राजगुरू हे उपनावही त्याच काळाशी जोडलेले आहे. चाकणचे कचेश्वर ब्रह्मे हे कवी होते, पद्यात लिहिलेली आत्मचरित्रपर रचनाही त्यांच्या नावावर आहे. अवर्षणात त्यांच्या प्रार्थनेने पाऊस पडला व शाहू महाराजांनी त्यांना गुरुपद दिले, असे परंपरा सांगते. तालुक्यात थोडे फिरले की चासला पहिल्या बाजीरावांच्या पत्नी काशीबाईंचे माहेर लागते, वाफगावला यशवंतराव होळकरांचे जन्मस्थान लागते, चाकणला १६६० मध्ये शाएस्तेखानाशी झुंजलेल्या फिरंगोजी नरसाळ्यांचा किल्ला लागतो आणि आळंदीला तर प्रत्यक्ष ज्ञानदेवांची समाधी. खुद्द गावात सिद्धेश्वराचे देऊळ आहे आणि सतराव्या शतकाच्या आरंभीच्या काळातली दिलावरखानाची मशीद व कबर आहे. एवढी श्रीमंती असली की लेखक गोंधळून जातो. तो एकेका नावाला नमस्कार करीत पुढे सरकतो, आणि शेवटचा नमस्कार झाला की पुस्तिका संपते.

येथे आम्हाला संत लूकची आठवण होते. शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी लूक मोठमोठी नावे ओळीने मांडतो: कैसर तिबेरियस, पिलात, हेरोद, हन्ना, कयफा. वाचणाऱ्याला वाटावे, आता राज्यकारभाराचा वृत्तांत येणार. पण ही सारी मंडळी त्याने केवळ साल सांगण्यासाठी उभी केलेली आहेत. वाक्य जाऊन थांबते ते अरण्यात राहणाऱ्या जखऱ्याच्या मुलापाशी. त्याआधीच्या अध्यायातही तसेच. सम्राटाने खानेसुमारी काढली, हे वाक्य येते ते नाझरेथहून निघालेल्या एका जोडप्याचा प्रवास समजावा म्हणून. नाझरेथ असे गाव होते की त्यातून काही चांगले निघेल काय, असा प्रश्न नथनिएलला पडला होता. लूकने मोठ्यांना लहानांच्या कालगणनेसाठी राबवले. आमच्या ग्रामेतिहासात नेमके उलटे होते. तेथे लहान गाव मोठ्यांच्या चरित्रासाठी राबते. १७०७ ची लढाई खेडला झाली म्हणून खेडचा उल्लेख होतो, पण त्या आश्विनात दोन सैन्ये उतरल्यावर खेडच्या रानातल्या उभ्या पिकाचे काय झाले असेल, हा प्रश्न खेडच्या इतिहासात कोणी विचारलेला आमच्या वाचनात नाही.

मग गाव पाहणारे कोणी लिहितच नव्हते काय? लिहीत होते, पण त्यांची गरज वेगळी होती. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे पुणे जिल्ह्याचे तीन भाग १८८५ मध्ये निघाले. जेम्स कॅम्बेल यांच्या देखरेखीखाली तयार झालेले हे काम आजही थक्क करणारे आहे. त्यातील स्थळांच्या भागात गावाची एक ठरलेली मांडणी असते: पुण्यापासून अंतर, लोकसंख्या, कचेरी, टपाल, दवाखाना, बाजार, देवळे, कबरी. दौऱ्यावर निघालेल्या अधिकाऱ्याला मुक्कामापूर्वी जे कळायला हवे, तेवढे. मजेची गोष्ट अशी की त्याच गॅझेटियरच्या पहिल्या भागात, लोकांविषयीच्या प्रकरणात, घरातली भांडी, जेवणातले पदार्थ, लग्नाचा खर्च इथपर्यंतचा तपशील आहे, पण तो जातवार लावलेला आहे, गाववार नाही. म्हणजे माणसे एका भागात आणि गावे दुसऱ्या भागात. दोन्ही भाग शेजारी ठेवून माणसे गावात परत नेऊन बसवण्याचे काम वाचकाने करायचे. आमच्या स्मरणिकाकारांनी हे काम केले नाही. त्यांनी तिसऱ्या भागातला आपल्या गावाचा उतारा तेवढा भाषांतरित करून घेतला आणि 'ब्रिटिशांनीही आमच्या गावाची दखल घेतली आहे' असे वर लिहिले.

याउलट एक पुस्तक याच पट्ट्यात, पुण्याच्या अगदी वेशीवर लिहिले गेले आणि त्याची आठवण आज फारशी कोणी काढत नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी आपल्या सहकाऱ्यांसह पिंपळे सौदागर या गावाची पाहणी केली व ती १९१७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केली. दख्खनच्या एका गावातील जमीन व श्रम, असा तिचा विषय. जमिनीचा पोत, विहिरी, पिके, जनावरे, तुकडे, कर्ज, घरोघरची मिळकत व खर्च असे सारे त्यांनी घर धरून मोजले. त्यांच्या तक्त्यांतील दोन आकडे पुढे अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत गेले: १७७१ मध्ये त्या गावात सरासरी धारणा ४० एकर होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली. या दोन आकड्यांमध्ये जवळजवळ दीडशे वर्षांतल्या वाटण्या आहेत, भावाभावांची भांडणे आहेत, बांध कोरणे आहे, सावकार आहे, मुलांच्या हाती देण्यासारखे काही उरले नाही म्हणून रात्र रात्र जागलेले बाप आहेत. मान यांनी यातले काहीच शब्दांत सांगितलेले नाही. त्यांचे गद्य रुक्ष आहे. पुस्तकात एकही माणूस बोलत नाही. आणि तरीही ते वाचून होते तेव्हा गाव आपल्याला भेटलेले असते, कारण एकही घर गाळलेले नसते. पाटलाचे घर जेवढ्या काळजीने मोजले, तेवढ्याच काळजीने भूमिहीनाचे. पुढे १९२१ मध्ये ना. वि. कानिटकर यांच्यासह त्यांनी जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची तशीच पाहणी प्रसिद्ध केली.

पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे. तेथे उंच इमारती आहेत, मोठी दुकाने आहेत. मान यांनी मोजलेली शेते आता त्या पुस्तकातच काय ती आहेत. हे लिहिताना आम्हाला गहिवर घालायचा नाही. शेतीने पोसले नाही म्हणून ती गेली, हे मान यांच्याच आकड्यांवरून कळते. पण गेलेल्या गावाचे निदान एक खरे चित्र मागे राहिले, एवढे भाग्य त्या गावाला लाभले. खेडला ते लाभलेले नाही.

मराठीतही या तोडीची दोन पुस्तके आहेत. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ चा, म्हणजे मान यांच्याही आधीचा. न्यायखात्यात आयुष्य घालवलेले ना. गो. चापेकर यांनी आपल्या गावावर लिहिलेले 'बदलापूर' १९३३ चे. आत्र्यांनी एक गाव घेतले नाही, गाव नावाची रचना घेतली: वतनदार, बलुतेदार, अलुतेदार, फिरस्ते. कुणब्याच्या खळ्यावर किती हात पुढे होतात, हे त्यांनी असे काही दाखवले आहे की गावगाड्याविषयीचे आपले सारे हळवे बोलणे थंडावते. परंतु त्यांची सहानुभूती कुणब्याकडे इतकी झुकलेली की फिरस्त्यांच्या बाबतीत ते कठोर होतात. मागणारा का मागतो, याचा विचार त्यांनी पुरेसा केला आहे, असे आम्हाला वाटत नाही. चापेकरांचे तसे नाही. ते आपल्याच गावात बसून लिहितात आणि म्हणून क्षुल्लक गोष्टींनाही जागा देतात. मराठी ग्रामेतिहासाची वाट या दोन पुस्तकांवरून पुढे जायला हवी होती. ती गौरवग्रंथांच्या पटांगणात जाऊन संपली, याचे आम्हाला खरोखर दुःख आहे.

खेडचा 'गावगाडा' लिहायचा तर कोठून आरंभ करावा? आम्ही मुंबईहून करू. हे विचित्र वाटेल, पण खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांचे निम्मे चरित्र मुंबईच्या लोकलगाड्यांत घडलेले आहे. डबे पोहोचवण्याचा धंदा महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास सुरू केला, असे मानले जाते. तेव्हापासून पिढ्यानुपिढ्या मुंबईचे डबेवाले मुख्यतः याच मुलखातून गेले. त्यांच्याविषयी लिहिलेल्या मजकुराला आज तोटा नाही. २००३ मध्ये इंग्लंडचे युवराज त्यांना भेटून गेले, २०१० मध्ये हार्वर्डच्या व्यवस्थापनशाळेने त्यांच्या कामावर अभ्यासलेख काढला. डब्यावरच्या खुणा, चूक न होता होणारी अदलाबदल, वेळेचे गणित यांवर व्याख्याने झाली. डबा कोणत्या स्थानकावर कोणाच्या हाती जातो, याचा नकाशा जगाने पाठ केला. डबेवाला कोठून येतो, यावर मात्र एक वाक्य असते: तो पुण्याजवळच्या खेड्यांतून येतो.

त्या एका वाक्यात काय काय दडले आहे, पाहा. घरातला कर्ता पुरुष मुंबईत खोलीवर चारदोघांत राहतो, तेव्हा गावाकडची खाचरे कोण लावते? सासूसासऱ्यांचे दुखणे कोण काढते? सोसायटीचे कर्ज काढायला अंगठा किंवा सही कोणाची? मुंबईतल्या हजारो बायकांनी रांधलेले अन्न वेळेवर पोहोचवणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या बायकोने रांधलेले अन्न वर्षातून किती दिवस त्याच्या वाट्याला येते? गावच्या यात्रांसाठी हे लोक चैत्रात दरवर्षी काही दिवस काम बंद ठेवतात. मुंबईच्या वर्तमानपत्रांत ती गैरसोयीची बातमी असते. गावाकडून पाहिले तर तेच दिवस गाव पूर्ण भरल्याचे असतात. एका गावाचे पंचांग मुंबईच्या कचेऱ्यांच्या जेवणाची वेळ हलवते, ही केवढी मोठी गोष्ट! पण ती गावाच्या पुस्तिकेत नाही आणि व्यवस्थापनाच्या अभ्यासातही नाही. मार्च २०२० मध्ये लोकलगाड्या थांबल्या, तेव्हा यांतले पुष्कळजण गावी परतले. कोणी शेतीत राबले, कोणी मिळेल ती मजुरी केली. त्या दिवसांची नोंद त्या त्या गावात कोणी ठेवली असेल तर ती आजच शोधली पाहिजे. सांगणारी माणसे अजून आहेत.

साध्या वस्तूतून इतिहास कसा उभा राहतो, याचेही उदाहरण याच तालुक्यात आहे. शरद जोशी स्वित्झर्लंडमधील आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेची नोकरी सोडून आले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले. कांदा पिकवायला काय पडते आणि बाजारात हाती काय येते, याचा त्यांनी स्वतः हिशेब मांडला. त्या हिशेबातून चाकणच्या बाजारातले कांदा आंदोलन उभे राहिले, १९८० मध्ये पुणे-नाशिक रस्ता अडला आणि शेतकरी संघटनेचे नाव महाराष्ट्रभर गेले. त्यांच्या अर्थशास्त्राबद्दल दुमत असू शकते, आम्हालाही काही ठिकाणी ते पटत नाही. पण 'अंगारमळा' या त्यांच्या आत्मपर लेखनात खेड तालुक्यातली माती हाताला लागते, तशी एकाही गौरवग्रंथात लागत नाही. मातीत हात घालून नंतर लेखणी उचललेली असल्यामुळे असेल. तरीही तेथे गाव पुढे चळवळीसाठी मागे सरते, हे नोंदवले पाहिजे. आंबेठाणच्या इतर घरांचे काय, हा प्रश्न उरतोच.

आता आमच्या घराकडे वळू. ग्रामेतिहासाला लागणारे एक साधन कॅथलिक परंपरेत चारशे वर्षांपासून आहे आणि आपण त्याकडे कचेरीतली वही म्हणून पाहतो. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाहांची नोंद ठेवण्याचा दंडक घातला. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने धर्मग्रामात पाच वह्या असाव्यात असे सांगितले. स्नानसंस्कार, दृढीकरण, विवाह व मृत्यू यांच्या चार, आणि पाचवी 'स्टेटस अनिमारुम', म्हणजे जिवांची वही. या पाचव्या वहीत घराघराची नोंद करायची: घरात कोण कोण राहते, वय काय, नाते काय, नोकरचाकर कोण. धर्मगुरूने दारोदार जाऊन करायची ही नोंद होती. डॉ. मान यांनी पिंपळे सौदागरात जे केले, त्याचा हा आध्यात्मिक पूर्वज म्हणायला हरकत नाही! फिलिपिन्समध्ये स्पॅनिश धर्मगुरूंनी विखुरलेल्या वस्त्या चर्चभोवती आणून गावे वसवली, आणि गावात असणे म्हणजे घंटेच्या आवाजाच्या टापूत असणे, असा वाक्प्रचारच तेथे रूढ झाला. त्या देशातल्या एखाद्या लहान गावाचा इतिहास लिहायला बसणारा म्हणूनच आधी चर्चच्या वह्या उघडतो. खेडला असे एक केंद्र कधीच नव्हते. घाट, देऊळ, मशीद, बाजारपेठ, कचेरी आणि अलीकडे एस.टी. स्थानक अशी अनेक केंद्रे आणि प्रत्येकाच्या आवाजाचा टापू निराळा. त्यामुळे येथील इतिहासकाराचे काम अधिक अवघड आहे व अधिक रंजकही.

वह्यांचा अभिमान बाळगताना त्यांची काळी बाजूही पाहिली पाहिजे. फ्रेंच इतिहासकार एमान्युएल ल रॉय लादुरी यांनी १९७५ मध्ये मोंतायू या पिरेनीज पर्वतातल्या खेड्यावर ग्रंथ लिहिला. मेंढपाळ, घर, चूल, प्रेम, मरणाची भीती असे चौदाव्या शतकाच्या आरंभीचे सारे गाव त्यात बोलते. पण त्याचे मुख्य साधन काय? बिशप जाक फूर्निए यांनी पाखंडाच्या चौकशीत घेतलेल्या जबान्या. हेच फूर्निए पुढे पोप बेनेडिक्ट बारावे झाले. माणसे त्यात मोकळेपणाने बोलली नाहीत, त्यांना बोलावे लागले. आपल्या धर्मसभेच्या दप्तरातून एक गाव सहाशे वर्षे जिवंत राहिले आणि ते त्या गावाला भोगावे लागलेल्या छळामुळे राहिले, हे वाचून आम्हाला एकाच वेळी आनंद आणि शरम वाटली. प्रत्येक नोंदीमागे नोंद करणाऱ्याची गरज असते. गॅझेटियरमागे कारभार, सातबारामागे महसूल, जबानीमागे चौकशी. सातबाऱ्यावर जमिनीच्या मालकाचे नाव असते, त्या जमिनीत जन्मभर खुरपलेल्या बाईचे बहुधा नसते आणि बलुत्यावर जगलेल्याचे तर नसतेच. नोंद वाचायची ती हे ध्यानात ठेवून.

आणि वाचण्याची घाई करायला हवी, कारण खेड तालुक्यातली गावे आता पूर्वीच्या चालीने बदलत नाहीत. चाकणचा कांद्याचा बाजार प्रसिद्ध होता, आता चाकण म्हटले की मोटारींचे कारखाने डोळ्यांपुढे येतात. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला, त्याच्या आगेमागे इतरही आले. भामा नदीवर आसखेडचे धरण झाले, आणि त्याचे पाणी जानेवारी २०२१ पासून पुण्याच्या पूर्व भागाला मिळू लागले. त्या जलवाहिनीचे काम चालू असताना ज्यांची शेते धरणात गेली ते पुनर्वसनासाठी आंदोलन करीत होते. राजगुरुनगरात आता नगरपरिषद आहे. मराठवाडा, विदर्भ, बिहार, ओडिशा येथून आलेली माणसे भाड्याच्या खोल्यांतून राहतात. त्यांत आमचे धर्मबांधवही आहेत. रविवारच्या मिस्साला कोठे जायचे हे ते आल्या आल्या विचारून घेतात, त्यांचे नाव मात्र कोणत्याही गावाच्या यादीत नसते. हे लोकही आता खेडचेच. पुढची स्मरणिका लिहिणारा त्यांना 'बाहेरचे' म्हणून सोडून देईल, अशी आम्हाला धास्ती आहे. संताजी जगनाडे हे चाकणचे तेली. तुकोबांचे अभंग उतरवून घेणाऱ्यांत त्यांचे नाव आहे. घाण्यावरच्या माणसाने वही केली, हे ज्या परिसराला भूषणावह वाटते, त्या परिसराने यंत्रावरच्या माणसाच्या वहीसाठीही जागा ठेवावी.

आमच्यापुरते बोलायचे तर, आपल्या धर्मग्रामांचे महोत्सवी अंक निघतच राहणार. संपादक मंडळी आमच्याकडे लेख मागतात तेव्हा आम्ही अलीकडे लेखाऐवजी एक कोरी वही पाठवतो. मान्यवरांचे संदेश व छायाचित्रे हवी तेवढी छापा, पण त्यांतली आठदहा पाने या वहीतल्या मजकुरासाठी सोडा, असे कळवतो. वहीच्या पहिल्या पानावर एवढेच लिहिलेले असते: धर्मग्रामातली पहिली घरे कोणती, ती कोठून आली, पाणी कोठून भरीत, पहिला पगार कोठे मिळाला, घरातली कोणती भाषा आता कोणी बोलत नाही, शेजारी कोण होते आणि अडल्यावेळी त्यांतले कोण धावून आले. आतापर्यंत दोन वह्या भरून परत आल्या आहेत. एकीत सातव्या पानावर एका बाईने आपल्या जुन्या गावच्या विहिरीच्या पायऱ्या मोजून लिहिल्या आहेत आणि पुढे कंसात, 'चौथी निखळलेली होती'.